इफेसस बंदर म्हणून पाहायचं, आणि त्याच दिवशी कुशादासी गाठायचं

खडकवाट

नमस्कार मंडळी,

इथे तुर्कस्तानबद्दल कुणी विचारलं की इफेसससाठी उत्तर जवळजवळ ठरलेलं असतं. सेल्ससचं ग्रंथालय पाहा, मोठ्या नाट्यगृहात फोटो काढा, दोन तासांत आवरतं, मग पामुक्कलेची गाडी पकडा. हे वाचून मला दरवेळी हळहळ वाटते. इफेसस हे प्राचीन शहर मुळात बंदर होतं. रोमच्या आशिया प्रांताची राजधानी होण्याइतका पैसा त्याच्याकडे आला तो जहाजांवरून, आणि ते ओस पडलं तेही बंदर गाळाने भरलं म्हणून. आज तिथून समुद्र पाच-सहा किलोमीटर लांब आहे. हे मनात धरून चाललं की त्या दगडांचा अर्थच बदलतो. म्हणून या धाग्यात एका दिवसाचा रस्ता लिहितोय: सकाळी इफेसस, दुपारी शेजारचं गाव सेल्चुक, संध्याकाळी समुद्रकाठचं कुशादासी.

मुक्काम सेल्चुकला करावा असं माझं मत आहे. इझमीरच्या बासमाने स्टेशनातून थेट रेल्वे आहे. हा लोहमार्ग अनातोलियातला सगळ्यात जुना, इंग्रजांनी 1850-60च्या दशकांत बांधलेला. त्याची स्थानकं आखायला जॉन टर्टल वुड नावाचा वास्तुविशारद आला आणि आर्टेमिस देवीच्या हरवलेल्या मंदिराने त्याला पछाडलं. त्याच्याकडे पुढे येतोच.

इफेससला दोन दारं आहेत, वरचं आणि खालचं. टॅक्सीने वरच्या दाराला उतरा आणि उताराने खाली या. पायांना बरं पडतं हे खरंच, पण माझं कारण वेगळं आहे. शहराचा सगळा उतार बंदराकडे जातो. सरकारी चौक आणि सभागृह वर, बाजारपेठ खाली, आणि त्याच्याही खाली गोदी. वरून आलात की हा क्रम आपोआप उलगडत जातो.

वरचा भाग मी भराभर सांगतो. राजकीय चौक, ओडिऑन म्हणजे छोटं सभागृह-नाट्यगृह, आणि प्रिटॅनिऑन, म्हणजे जिथे नगराचा पवित्र अग्नी अखंड तेवत ठेवायचे ती जागा. आर्टेमिसच्या संगमरवरी मूर्ती 1956 मध्ये इथेच सापडल्या, त्या आता सेल्चुकच्या संग्रहालयात आहेत. पुढे क्युरेटीस रस्ता सुरू होतो. दोन्ही बाजूंना खांब, कारंजी, रोमन सम्राट हेड्रियनचं देखणं छोटं मंदिर. फरशी शतकानुशतकांच्या पावलांनी इतकी गुळगुळीत झाली आहे की चांगली पकड असलेले बूट हवेतच.

या रस्त्याच्या डाव्या हाताला छपराखाली उतारावरची घरं आहेत. त्यांना वेगळं तिकीट लागतं, म्हणून बरेच जण टाळतात. कृपा करून टाळू नका. बाहेर मंदिरं आणि कमानी दिसतात, माणसं कशी राहत होती ते इथे दिसतं. एका आवारात सात घरं. भिंतींवर रंग अजून शाबूत, जमिनीवर मोझेक, भिंतीत पाणी आणि गरम हवा खेळवणारे मातीचे नळ. तिसऱ्या शतकातल्या भूकंपांनी ही घरं पडली आणि ढिगाऱ्याखाली गेली, म्हणूनच रंग टिकले. वर काचेचे आणि लोखंडाचे पूल बांधलेत, त्यावरून चालताना खाली संगमरवराचे फुटलेले तुकडे टेबलांवर मांडून जुळवत बसलेले लोक दिसतात. मी तिथे बराच वेळ उभा होतो. हजारो तुकडे, आणि कुणीतरी शांतपणे एकाची कड दुसऱ्याच्या कडेला लावून बघतंय.

ग्रंथालयाबद्दल सगळ्यांनी लिहिलंय, म्हणून दोनच गोष्टी. एक म्हणजे ते ग्रंथालय आहे तसंच ती एक समाधीही आहे. रोमन प्रांताधिपती सेल्ससच्या मुलाने, ज्युलियस अक्विलाने, वडिलांच्या स्मरणार्थ ते बांधायला घेतलं आणि खाली वडिलांची दगडी शवपेटी ठेवली. दुसरी गोष्ट म्हणजे पोथ्यांना ओल लागू नये म्हणून मागची भिंत दुहेरी केली होती, मध्ये हवेला वाट. समुद्रकाठच्या दमट हवेचा केवढा विचार! आज उभा दिसणारा दर्शनी भाग कोसळलेल्या मूळ दगडांतून ऑस्ट्रियन पुरातत्त्वज्ञांनी 1970 ते 1978 या काळात पुन्हा रचला. तो पूर्वाभिमुख आहे, त्यामुळे ऊन सकाळीच समोरून येतं. फोटोवाल्यांनी लवकर जावं.

आता ज्यासाठी हा धागा काढला तिथे येतो.

मोठ्या नाट्यगृहात अगदी वर चढा. साधारण पंचवीस हजार माणसं बसायची तिथे. वर गेल्यावर रंगमंचाकडे तोंड करा, पण नजर त्याच्या पलीकडे जाऊ द्या. समोर एक सरळ रुंद रस्ता पश्चिमेकडे जातो, लांबी अर्धा किलोमीटर, रुंदी अकरा मीटर. हा बंदर रस्ता, अर्काडियाने. पाचव्या शतकाच्या सुमारास यावर रात्री दिवे लागायचे. त्या काळात अशी सोय फार थोड्या शहरांत होती. जहाजातून उतरलेला माणूस या रस्त्याने शहरात शिरायचा. आणि आज तो रस्ता जिथे संपतो तिथे लव्हाळ्यांचं दलदलीचं रान आहे. त्याची कड नीट बघितली तर गोदीचा जुना आकार अजून ओळखू येतो. तेच बंदर.

गाळ आणला क्युच्युक मेंदेरेस नदीने, जिला ग्रीक कायस्ट्रोस म्हणायचे. पण शहराने हार मानली नव्हती, आणि मला इफेससमध्ये सगळ्यात जास्त भिडतं ते हेच. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात पर्गामॉनचा राजा दुसरा अटॅलस याने बंदराचं तोंड अरुंद करणारा बांध घातला. तोंड अरुंद झालं की पाणी खोल राहील असा अभियंत्यांचा हिशेब होता. झालं उलट. पूर्वी समुद्राच्या पाण्याची ये-जा गाळ बाहेर ओढून न्यायची, आता तो आतच अडकू लागला आणि अख्खं बंदर उथळ झालं. हे भूगोलकार स्ट्राबोने लिहून ठेवलंय. रोमन सम्राट नीरोच्या काळात बारेआ सोरानस या प्रांताधिपतीने बंदर उपसून मोकळं केलं. हेड्रियनने नदीला वळण द्यायचा प्रयत्न केला. दुसऱ्या शतकातला एक हुकूम दगडावर कोरलेला सापडलाय: धक्क्यावर लाकडाच्या ओंडक्यांचे ढीग लावू नका, तिथे दगड कापू नका, कारण ओझ्याने खांब खचतात आणि कापताना पडणारी रेती बंदर भरून टाकते. म्हणजे नदीच्या गाळाशी झुंजता झुंजता हे लोक करवतीखालून पडणाऱ्या भुकटीचाही हिशेब ठेवत होते.

म्हणून खालच्या दारातून बाहेर पडल्यावर लगेच बसमध्ये बसू नका. सेल्चुकला परत या, आर्टेमिसच्या मंदिराची जागा बघा, आयासुलुक टेकडीवर चढा आणि मग दोल्मुशने (छोट्या बसने) कुशादासीला जा. समुद्र सरकला तसं शहर कसं सरकत गेलं, हे एका दिवसात डोळ्यांनी दिसतं.

पुढचं प्रतिसादांत लिहितो, बोटं दमली.

---

मनमोकळी

फार छान लिहिलंय. वाचनखूण साठवली. आम्ही गेलो होतो तेव्हा क्रूझच्या सहलीत होतो, बंदर रस्त्यावर मार्गदर्शकाने बोटसुद्धा दाखवलं नाही. त्याऐवजी ग्रंथालयातून समोरच्या वेश्यागृहात जाणाऱ्या गुप्त भुयाराची गोष्ट मात्र रंगवून सांगितली. हे खरं आहे का?

अभ्यासू मुंगी

मनमोकळीताई, भुयाराला पुरावा नाही. ज्या इमारतीला वेश्यागृह म्हणतात तिच्याबद्दलही अभ्यासकांना शंकाच आहे. न्हाणीघराला लागून असलेलं ते एक घर असावं. संगमरवरी रस्त्यावरचं कोरलेलं पाऊल ‘जगातली पहिली जाहिरात’ म्हणून दाखवतात, तेही असंच. मला याचं वाईट वाटतं, कारण खऱ्या गोष्टी जास्त थरारक आहेत. त्याच नाट्यगृहात चांदीचे देव्हारे घडवणाऱ्या सोनारांनी दंगल माजवली होती. देमेत्रिय नावाचा कारागीर त्यांचा पुढारी. ख्रिस्ती प्रेषित पौलाच्या प्रचारामुळे आर्टेमिसचे देव्हारे खपेनासे होतील ही भीती. लोक दोन तास देवीच्या नावाचा जयघोष करत होते आणि शेवटी नगराच्या चिटणिसाने समजूत घालून त्यांना घरी पाठवलं.

शांत_संध्याकाळ

मराठी बायबलात हे शहर ‘इफिस’ आणि देवी ‘अर्तमी’. प्रेषितांची कृत्ये, 19वा अध्याय. लहानपणापासून ऐकलेला प्रसंग. मी त्या पायऱ्यांवर बसून तो अध्याय मोबाईलवर वाचला. शेजारी एक कोरियन गट हळू आवाजात स्तोत्र म्हणत होता आणि खालच्या रांगेतलं अक्षर न् अक्षर वरपर्यंत ऐकू येत होतं. दोन तासांचा तो जयघोष शहरभर घुमला असणार, याबद्दल मग शंका राहत नाही.

खडकवाट, येशूची आई मेरी हिच्या घराबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. तो विषय आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.

खडकवाट

शांत_संध्याकाळ, तुमचं म्हणणं बरोबर आहे, त्यावर लिहायलाच हवं. मेरीचं घर ब्युलब्युल डोंगरावर, गर्द झाडीत आहे. अॅन कॅथरिन एमरिक या जर्मन जोगिणीला झालेल्या दृष्टांतांच्या वर्णनावरून 1891 मध्ये ही जागा शोधली गेली. सहावे पॉल, दुसरे जॉन पॉल आणि सोळावे बेनेडिक्ट असे तीन पोप तिथे येऊन गेलेत. ख्रिस्ती आणि मुसलमान दोघंही हात जोडतात, कारण कुराणातही मरियमला मोठा मान आहे. ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी सकाळी आधी तिथेच जावं, टॅक्सी तिथून उतरताना वरच्या दाराशी सोडते. मग कुशादासीसाठी थोडा कमी वेळ उरेल, पण दिवस बसतो.

आता राहिलेला भाग.

आर्टेमिसचं मंदिर पाहून बहुतेक लोक निराश होतात. सात आश्चर्यांपैकी एक, आणि उभा आहे एक खांब, तोही तुकड्यांवर तुकडे रचून. त्यावर करकोच्यांचं घरटं. रोमन लेखक प्लिनीने 127 खांब सांगितलेत. पण खांबाकडे बघून झालं की खाली बघा. पाऊस झालेला असेल तर पायाशी पाणी साचलेलं असतं, बेडूक आणि कासवं असतात. हे मंदिर दलदलीच्या जमिनीवर मुद्दाम बांधलं होतं, भूकंपाचा धक्का मऊ जमिनीत जिरेल म्हणून, असं प्लिनीच सांगतो. इसवी सनापूर्वी 356 मध्ये हेरोस्ट्राटस नावाच्या माणसाने आपलं नाव अजरामर व्हावं म्हणून ते जाळलं. लोकांनी पुन्हा बांधलं. त्यानंतर कित्येक शतकांनी ते इतकं गाळाखाली गेलं की जागाच विसरली.

वुडने 1863 मध्ये शोध सुरू केला. त्याला सुगावा लागला नाट्यगृहातल्या एका लांबलचक शिलालेखात. सणाच्या दिवशी देवीच्या मूर्ती कोणत्या वेशीतून आत आणायच्या आणि कोणत्या वेशीतून परत न्यायच्या, ते त्यात लिहिलं होतं. त्याने ती वेस शोधली, तिथून मिरवणुकीचा रस्ता धरला आणि 1869 मध्ये जमिनीखाली खोलवर मंदिराची फरशी गाठली. पालखीचा मार्ग धरून देऊळ सापडावं, अशी ही गोष्ट आहे.

आयासुलुकवर सम्राट जस्टिनियनने सहाव्या शतकात बांधलेल्या सेंट जॉनच्या बॅसिलिकाचे, म्हणजे मोठ्या चर्चचे, अवशेष आहेत. बंदर मेलं, हिवताप वाढला, हल्ले होऊ लागले तसे लोक हळूहळू या टेकडीकडे सरकले. टेकडीच्या पायथ्याशी इसा बेय मशीद, 1375 सालची. तिच्यातले खांब जुन्या शहरातून आणलेले आहेत. टेकडीच्या कडेवर उभं राहिलं की एका नजरेत मंदिराचा एकटा खांब, मशीद आणि पाठीमागे किल्ला दिसतो, आणि दूर पश्चिमेला सपाट हिरवी शेतं. ती शेतं म्हणजे पूर्वीची खाडी.

खाडीकाठ

शेवटच्या वाक्याशी थांबलो. आमच्याकडे सोपाऱ्याचंही हेच झालं ना? प्राचीन बंदर, आणि आता तिथे उभं राहून गलबतं कुठून येत असतील ते कळत नाही. गाळाने मारलेल्या बंदरांवर कुणीतरी सविस्तर लिहायला हवं.

गुडघेदुखी_तरी_भटकंती

खडकवाट, माझ्या आईंना घेऊन जायचं आहे, वय सत्तरीच्या पुढे, काठी घेऊन चालतात. जमेल का? आणि आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत.

खडकवाट

आईंना जरूर न्या, पण रस्ता थोडा बदला. वरून खाली ग्रंथालयापर्यंत हळूहळू उतरता येतं, मध्ये बसायला दगड भरपूर आहेत. उतारावरच्या घरांत जिने फार आहेत, तिथे त्यांना नेऊ नका. ग्रंथालयासमोरच्या सावलीत कुणीतरी सोबत बसा आणि आळीपाळीने आत जा. नाट्यगृहात वर चढायची त्यांना गरज नाही, बंदर रस्ता खालूनही दिसतो. जुलै-ऑगस्ट पूर्ण टाळा. आत सावली अगदी थोडी आणि संगमरवर तापतो. एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर उत्तम. पाणी बाहेरूनच घेऊन जा.

शाकाहारी लोकांची अडचण होत नाही. गोझलेमे मागा: पातळ लाटलेली पोळी, आत पालक, चीज किंवा बटाटा, तव्यावर भाजलेली. बायका समोर बसून लाटतात. सोबत आयरान, म्हणजे आपलं खारं ताकच. फक्त आत काय घातलंय ते आधी विचारा, खिम्याचंही असतं.

दर्यावर्दी

कुशादासीबद्दल अजून कुणीच बोललं नाही, म्हणून मी लिहितो. आमचं जहाज तिथे लागायचं. बरेच लोक म्हणतात की तिथे नुसती दुकानं आणि हॉटेलं आहेत. धक्क्यासमोरचा पहिला रस्ता तसा आहे हे कबूल. पण धक्क्याजवळच ओक्युझ मेहमेद पाशाची सराई आहे, 1618 ची. बाहेरून किल्ल्यासारखी, वर दंतुर कठडा, आत मोकळा चौक आणि भोवती दोन मजली खोल्या. व्यापाऱ्यांचा माल आणि जनावरं रात्री आत घेऊन दार लावायचे. समुद्रातून येणारा माल उतरायची जागा आणि डोंगरापलीकडून येणारे काफिले थांबायची जागा एकमेकांना इतकी लागून असलेली मी फार कमी ठिकाणी पाहिली आहे.

खडकवाटनी जे म्हटलंय त्याचा दुसरा अर्धा भाग इथे आहे. मध्ययुगात व्हेनिस आणि जिनोव्हाचे व्यापारी आयासुलुकला यायचे, पण तिथलाही धक्का गाळाने निकामी होत गेला आणि व्यापार इकडे सरकला. ते या बंदराला स्काला नोव्हा म्हणायचे. इथे मोठी नदी येऊन मिळत नाही, किनारा खोल आहे, म्हणून आजही प्रचंड जहाजं थेट धक्क्याला लागतात. नकाशा समोर ठेवून बघा, कारण लगेच कळतं.

खडकवाट

दर्यावर्दी, मनापासून आभार. हे खलाशाच्या नजरेतूनच यायला हवं होतं.

संध्याकाळी मी ग्युवेरजिन बेटावर गेलो. बेटापर्यंत भराव घालून रस्ता केलाय, चालत जाता येतं. वर छोटा किल्ला, तटाच्या कडेने वाट. पश्चिमेला सामोस बेटाचे डोंगर दिसतात, ते ग्रीसमध्ये. पायथागोरसचं गाव. दिलेक द्वीपकल्पाच्या टोकाशी दोन्ही देशांमध्ये दोन किलोमीटरहूनही कमी पाणी आहे. तिथल्याच किनाऱ्यावर इसवी सनापूर्वी 479 मध्ये मिकालेची लढाई झाली, ग्रीकांनी पर्शियन सैन्याचा पाडाव करून त्यांची जहाजं जाळली. किनाऱ्यावर लोक गळ टाकून बसले होते, मुलं भरावावरून सायकली पळवत होती. दिवसभर मेलेलं बंदर डोक्यात घेऊन फिरल्यावर जिवंत बंदर बघायला मिळणं, याचं समाधान मला शब्दांत नीट सांगता येत नाही.

मनमोकळी

एवढं वाचून आता पुन्हा जायचं ठरवलंय, या वेळी सेल्चुकला राहणार. सेल्चुक ते कुशादासी जाणं-येणं सोपं आहे ना? आम्ही दोघी बहिणी असू. आणि संग्रहालय बघायला वेळ काढावा का?

खडकवाट

अगदी सोपं. सेल्चुकच्या बस अड्ड्यावरून दोल्मुश, म्हणजे छोट्या बस, सारख्या सुटतात. अंतर वीस किलोमीटरच्या आसपास. ही गाडी पामुजाकच्या किनाऱ्यावरून जाते, तेव्हा उजव्या बाजूच्या खिडकीत बसा. आज समुद्र जिथे आहे ती जागा तीच. परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे ते उतरतानाच चालकाला विचारून ठेवा, हंगामाप्रमाणे वेळ बदलते.

संग्रहालय नक्की बघा. सेल्चुकच्या मध्यावर आहे, दुपारच्या उन्हात तिथे जाणं सगळ्यात शहाणपणाचं. आर्टेमिसच्या त्या दोन मूर्तींसाठी तरी जाच. छातीवर लोंबणारे गोल उंचवटे नेमके काय आहेत यावर अजून वाद आहे: स्तन, अंडी, की बळी दिलेल्या बैलांचे वृषण. ग्रीक पुराणातली शिकारी कुमारिका आर्टेमिस डोळ्यांपुढे आणली तर ही तिच्याहून फार जुनी, याच मातीतली मातृदेवता वाटते. वस्त्रावर सिंह, बैल, मधमाश्या कोरल्यात. मधमाशी इफेससच्या नाण्यांवरही आहे.

अभ्यासू मुंगी

एक भर घालतो. ग्रंथालयाच्या दर्शनी भागातल्या चार स्त्रीमूर्ती, प्रज्ञा, ज्ञान वगैरे गुणांच्या, तिथे दिसतात त्या प्रतिकृती आहेत. मूळ मूर्ती व्हिएन्नाच्या इफेसस संग्रहालयात. ऑस्ट्रियन उत्खनन 1895 पासूनचं, आणि सुरुवातीच्या वर्षांत बरंच काही तिकडे गेलं. वुडला सापडलेले मंदिराच्या खांबांचे कोरीव भाग लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये. युरोपला जाणाऱ्यांनी ही दोन्ही दालनं यादीत ठेवावीत. इफेसस आधी बघून गेलात तर तिथे जास्त वेळ थांबाल.

गुडघेदुखी_तरी_भटकंती

खडकवाट, खूप आभार. ऑक्टोबरचं ठरवतोय. आईंना विचारलं तर म्हणाल्या, ग्रंथालयासमोर बसायला मी तयार आहे, पण बेटावरच्या किल्ल्याला मला न्यायचंच. तिथे पायऱ्या किती आहेत हे दर्यावर्दींनी सांगावं.

दर्यावर्दी

भरावाचा रस्ता पूर्ण सपाट आहे, आईंना आरामात जमेल. तटाच्या आत चढ आणि पायऱ्या आहेत, तिथे घाई करू नका. वर गेल्या नाहीत तरी चालेल. भरावावरूनच सगळं बंदर, सराईची बाजू आणि धक्क्याला लागलेली जहाजं दिसतात. वारा मात्र जोराचा असतो, डोक्याला रुमाल आणि एखादी शाल सोबत ठेवा.